भूऔष्णिक प्रकल्पाचे प्रदूषण झाडाझुडपांवरून आणि प्राण्यांवरून ओळखता येईल का?

जीवशास्त्र_शिक्षिका, ठाणे

नमस्कार. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझे माहेर भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून जवळच आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक, म्हणजे जमिनीच्या पोटातील उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, तेव्हापासून कोकणातील गरम पाण्याच्या झऱ्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा वाचनात येतो. वज्रेश्वरी, अकलोली किंवा गणेशपुरी येथे वीजप्रकल्प येणार असल्याचे माझ्या ऐकिवात नाही आणि मी या ऊर्जेच्या विरोधातही नाही. कोळशाच्या तुलनेत ती कितीतरी स्वच्छ आहे, हे मी वर्गातही सांगते. परंतु जमिनीच्या पोटातून वर येणारे पाणी आणि वाफ आपल्यासोबत हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड, बोरॉन, आर्सेनिक आणि काही ठिकाणी पाराही घेऊन येतात. इटली, आइसलँड आणि न्यूझीलंड या देशांत अशा प्रकल्पांभोवतीच्या वनस्पती व प्राण्यांच्या आधारे प्रदूषणावर लक्ष ठेवले जाते, असे मी वाचले आहे.

आपल्याकडे असे काम करायचे झाल्यास कोणते सजीव निवडावेत आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ते झेपेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. याहून महत्त्वाची शंका अशी की, जिथे गंधकाचा वास आणि खारट, गरम पाणी शेकडो वर्षांपासून निसर्गतःच आहे, तिथे उद्या एखादा बदल दिसला तर तो प्रकल्पामुळे झाला की मुळातच होता, हे कसे ठरवायचे?

पर्णरेखा, वाशी

ताई, प्रश्न वेळेवर विचारलात. अशा कामाची सर्वांत जुनी आणि भक्कम परंपरा इटलीतील टस्कनी प्रांतात आहे. लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पहिल्यांदा विजेचे दिवे पेटवले गेले आणि १९१३ मध्ये जगातील पहिले व्यापारी भूऔष्णिक वीजकेंद्र तिथेच सुरू झाले. त्या परिसरात सिएना विद्यापीठातील संशोधकांनी लायकेनचा प्रदूषणाचा निर्देशक म्हणून दीर्घकाळ अभ्यास केला आहे. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, तेही लायकेनच. त्याला मुळे नसतात आणि पानांवर असतो तसा मेणचट थरही नसतो, त्यामुळे ते पाणी आणि क्षार मुख्यतः हवेतून, धुक्यातून आणि पावसातून घेते. परिणामी हवेत जे असेल ते त्याच्या अंगात साठत जाते आणि नको असलेले बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे फारशी नसते. हवा बिघडली की लायकेन नाहीसे होते, हे निलांडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानाविषयी लिहून ठेवले होते.

टस्कनीत दोन प्रकारे काम होते. पहिल्या प्रकारात झाडांच्या खोडांवर निसर्गतः असलेल्या लायकेनची मोजदाद करतात. खोडाच्या चारही दिशांना, जमिनीपासून एक मीटर उंचीवरून वर, दहा सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर उंच अशी जाळी लावतात. तिच्यात दहा-दहा सेंटिमीटरचे पाच चौकोन असतात. कोणती जात किती चौकोनांत दिसते ते लिहून घ्यायचे आणि त्यावरून विविधतेचा अंक काढायचा. वीजकेंद्राच्या अगदी जवळ हा अंक घसरतो आणि दूर जावे तसा सावरतो, असे तेथे आढळले असून त्यात हायड्रोजन सल्फाइडचा वाटा मोठा मानला जातो. दुसऱ्या प्रकारात स्वच्छ जंगलातून आणलेले लायकेन जाळीच्या पिशव्यांत भरून प्रकल्पाभोवती काही आठवडे किंवा महिने टांगून ठेवतात आणि नंतर त्यातील गंधक, पारा, आर्सेनिक, बोरॉन मोजतात. प्रकल्पाजवळच्या नमुन्यातील प्रमाण आणि दूरच्या स्वच्छ जागी टांगलेल्या नमुन्यातील प्रमाण यांचे गुणोत्तर हा त्या अभ्यासाचा कणा असतो.

विद्यार्थ्यांना झेपेल असाही एक भाग यात आहे. डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात लायकेनचा अर्क काढून ४३५ आणि ४१५ नॅनोमीटर या तरंगलांबींवर त्याचे प्रकाशशोषण मोजले, तर निरोगी लायकेनमध्ये त्या दोन आकड्यांचे गुणोत्तर साधारण १.४ येते. हरितद्रव्य विघटित होऊ लागले की ते खाली येते. महाविद्यालयात साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशशोषण मोजणारे यंत्र) असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करता येईल.

आइसलँडमध्ये २००६ साली सुरू झालेल्या हेलिशेइदी वीजकेंद्राभोवती लाव्हाच्या खडकांवर पसरलेल्या राकोमिट्रियम या मॉसची (मखमली हिरव्या थरासारखी वाढणारी लहान वनस्पती) हानी अभ्यासली गेली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींवर आणि कातळावर मॉस उदंड उगवते, पण कार्तिकानंतर ते सुकून कोळपते, म्हणून वर्षभराच्या नोंदीसाठी मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. आंबा, फणस आणि माड यांच्या खोडांवरचे लायकेन अधिक भरवशाचे.

मापक, बेलापूर

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षे हवा-पाण्याच्या मोजमापाचे काम केले आहे, म्हणून वरील उत्तराला थोडा विरोध नोंदवतो. हायड्रोजन सल्फाइड मोजायला यंत्रे उपलब्ध आहेत, ती दर काही मिनिटांनी आकडा देतात आणि कायद्यापुढे टिकतो तो आकडाच. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५० मायक्रोग्रॅम आहे. आइसलँडने २०१० मध्ये स्वतःसाठी ५० मायक्रोग्रॅमची कडक मर्यादा घातली. लायकेनचा विविधता-अंक घसरला म्हणून कोणत्या मर्यादेचे किती उल्लंघन झाले, हे कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय सजीव वाळण्याची अनेक कारणे असतात. भिवंडी-वाडा परिसरात वीटभट्ट्या आहेत, त्यांच्या धुरातील गंधकाचा डायऑक्साइड आणि फ्लोराइडही लायकेनला मारतात. भिवंडीच्या सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यांचे बॉयलर आहेत, रस्त्यावर अवजड वाहतूक आहे. तिथे खोड उघडे पडलेले दिसले, तर दोष कोणाला देणार?

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत नाकावर कोणीही विसंबू नये. सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो, परंतु दहा लाखांत सुमारे शंभर भाग इतके प्रमाण झाले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि धोका वाढत असताना वास गेल्याचा भास होतो. बंदिस्त खड्डे, विहिरी आणि वाफेच्या नळांजवळ विद्यार्थ्यांना कधीही नेऊ नये.

खाडीकिनारा, ऐरोली

आत्तापर्यंतची चर्चा हवेभोवती फिरते आहे, पण माझ्या मते कोकणापुरता खरा प्रश्न पाण्याचा आहे.

लार्देरेल्लो येथे जमिनीतून थेट वाफ मिळते आणि ती टर्बाइनमधून गेल्यावर न विरघळणारे वायू हवेत सुटतात. आपल्या झऱ्यांचे तापमान पृष्ठभागावर साधारण ३५ ते ७० अंश सेल्सिअस आहे. खोलवर ते अधिक असले, तरी इथे वीज करायची झाल्यास बहुधा द्विचक्री पद्धतच वापरावी लागेल. तिच्यात गरम पाण्याची उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला दिली जाते, तो द्रव टर्बाइन फिरवतो आणि पाणी बंद नळांतून पुन्हा जमिनीत सोडले जाते. सगळे नीट चालले तर हवेत जवळजवळ काहीच जात नाही. चूक होते ती विहीर खोदताना, नळ फुटल्यावर किंवा परत सोडण्याची विहीर तुंबल्यावर, आणि त्या वेळी हे खारट पाणी सर्वांत जवळच्या ओढ्यात जाते. लडाखमधील पुगा खोऱ्यात ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकाम सुरू असताना भूगर्भातील द्रव पुगा नाल्यात गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. अकलोलीत असे झाले तर ते पाणी तानसेत जाईल.

न्यूझीलंडमधील वैराकेई केंद्र १९५८ मध्ये सुरू झाले आणि वाफ वेगळी केल्यावर उरलेले पाणी अनेक वर्षे वायकाटो नदीत सोडले गेले. त्या नदीत वाढणाऱ्या सेराटोफायलमसारख्या बुडालेल्या पाणवनस्पतींमध्ये आर्सेनिकचे प्रमाण नदीच्या पाण्यापेक्षा हजारो पट आढळले. सेराटोफायलम आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. पाण्याचा नमुना त्या क्षणाचा असतो. रात्री कोणी काही सोडले आणि सकाळी नमुना घेतला, तर बाटलीत काही सापडणार नाही, पण महिनाभर त्याच पाण्यात वाढलेल्या पाणवनस्पतीत ते सापडण्याची शक्यता बरीच अधिक असते. मापक यांच्या यंत्रांविषयी मला आदर आहे, तरीही हे काम पाणवनस्पती स्वस्तात करते.

बोरॉनच्या बाबतीत तर झाडाचे पानच बोलते. तुर्कस्तानातील कझलदेरे येथील भूऔष्णिक पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅमहून अधिक बोरॉन आहे. लिंबूवर्गीय झाडांसारख्या नाजूक पिकांना सिंचनाच्या पाण्यात एक मिलिग्रॅमच्या आसपासही ते जाचू लागते. मुळांतून शिरलेले बोरॉन पाण्याबरोबर पानात चढते, पाणी वाफ होऊन जाते आणि बोरॉन मागे राहते. म्हणून त्याचे प्रमाण पानाच्या टोकाला आणि कडांना सर्वाधिक होते. आधी टोक पिवळे पडते, मग कडेची तांबूस-तपकिरी पट्टी आत सरकू लागते आणि मधली शीर मात्र बराच काळ हिरवी राहते. जुनी पाने आधी करपतात, कोवळी नंतर. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पालाशची (पोटॅशियमची) कमतरता आणि खारे पाणी यांनीही पानांच्या कडा करपतात, म्हणून केवळ पाहून निदान करू नये, पान तपासायलाच पाठवावे. कॅलिफोर्नियातील द गीझर्स येथे कूलिंग टॉवरमधून उडणाऱ्या तुषारांमुळे आसपासच्या मेपलच्या पानांवर बोरॉनचा असाच परिणाम दिसला होता. तानसेच्या काठी भाताबरोबर भाजीपालाही होतो. कुंडांच्या खालच्या आणि वरच्या अंगाच्या वाफ्यांतील एकाच पिकाची, एकाच वयाची पाने दरवर्षी तपासली तरी पुष्कळ कळेल.

आणखी एक. हायड्रोजन सल्फाइडचा वास आम्हा ऐरोलीकरांना चांगला परिचयाचा आहे, कारण ओहोटीला तिवरांखालच्या काळ्या चिखलातून तो निसर्गतःच येतो. वास आहे म्हणजे कारखाना आहे, हे जसे इथे खरे नाही, तसे वास आहे म्हणजे प्रकल्प दोषी, हेही तिथे खरे मानता येणार नाही.

जीवशास्त्र_शिक्षिका, ठाणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाण्याकडे लक्ष वेधलेत हे फार उपयोगी झाले. माझी मूळ शंका मात्र अजून शिल्लक आहे. कुंडांच्या तोंडाशी असलेले सजीव पिढ्यान्‌पिढ्या उष्ण, खारट पाण्याला सरावलेले असणार. त्यांच्यात आजही बोरॉन आणि गंधक जास्तच सापडेल. मग उद्याच्या मोजणीला अर्थ काय राहील?

पर्णरेखा, वाशी

ताई, म्हणूनच काम प्रकल्पाच्या आधी सुरू व्हायला हवे, आणि ते जमत असेल तरच करावे असे मी म्हणेन. खोदकाम सुरू झाल्यावर घेतलेली पहिली नोंद ही खरी पहिली नोंदच नव्हे. टस्कनीतील माँते आमियाता डोंगराचे उदाहरण पाहा. तिथे भूऔष्णिक केंद्रे आहेत, आणि तिथेच आब्बादिया सान साल्वातोरे येथे पाऱ्याची मोठी खाणही होती, जी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडली. लायकेनमध्ये पारा सापडतो हे निर्विवाद, परंतु तो वीजकेंद्राच्या वाफेतला किती, जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यातला किती आणि मुळात त्या डोंगरातल्या खनिजातला किती, हे वेगळे काढण्यासाठी संशोधकांना फार खटपट करावी लागली. आपल्याला प्रकल्पाआधीच नोंद घेण्याची संधी आज आयती मिळते आहे: प्रकल्प नाही, झरे आहेत.

नियंत्रण, म्हणजे तुलनेची जागा म्हणून केवळ लांबची स्वच्छ जागा घेऊन भागणार नाही. ज्या झऱ्याजवळ प्रकल्पाची शक्यता नाही, असा दुसरा नैसर्गिक झराही नोंदीत हवा. रायगडमधील पालीजवळचे उन्हेरे किंवा रत्नागिरीतील तुरळ यांचा विचार करता येईल. अकलोलीत बोरॉन वाढले आणि उन्हेऱ्यात वाढले नाही, तर बदल स्थानिक आहे. दोन्हीकडे वाढले, तर पाऊस कमी झाला असेल, झऱ्यांत क्षार दाट झाले असतील किंवा आपल्या प्रयोगशाळेची पद्धत बदलली असेल.

आता मापक यांच्या आक्षेपाविषयी. वीटभट्ट्यांचा मुद्दा पूर्ण मान्य आहे आणि त्यात मी एक भर घालते. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर भुरी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी सर्रास होते. फवारलेल्या बागेतल्या खोडावरचे लायकेन घेऊन त्यात गंधक जास्त निघाले म्हणून प्रकल्पाकडे बोट दाखवणे हा अन्याय ठरेल. बागायतदाराला विचारल्याशिवाय झाड निवडू नये आणि शक्यतो देवराईतली किंवा रस्त्यापासून आत असलेली, न फवारलेली झाडे घ्यावीत. नमुन्यावर बसलेली धूळही फसवते. मातीत मुबलक असलेले अॅल्युमिनियम सोबत मोजले, तर किती भाग मातीचा आणि किती हवेतला याचा अंदाज येतो. यंत्र आकडा देते, सजीव परिणाम दाखवतो. मला दोन्ही हवेत, पण गावात कायमस्वरूपी यंत्र बसवायला कोणी पैसे देईपर्यंत खोडावरच्या नोंदी थांबवून ठेवण्याचे कारण दिसत नाही.

रानवाट, येऊर

प्राण्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. पाऱ्यासारखी द्रव्ये अन्नसाखळीत वर जाताना साठत जातात. पाण्यातील जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, ते किडे खातात, किड्यांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे. म्हणून पाण्यात पारा मोजता न येण्याइतका असूनही मोठ्या माशांच्या मांसात तो सापडू शकतो. वायकाटोच्या परिसरातील ट्राउट मासे याच कारणासाठी तपासले गेले. मात्र मासा फिरता प्राणी आहे, आज कुंडापाशी तर उद्या धरणाखाली. जागेचा पुरावा हवा असेल तर बसून राहणारे प्राणी घ्यावेत. समुद्रकिनाऱ्यांसाठी शिंपल्यांवर नजर ठेवण्याची पद्धत १९७० च्या दशकात एडवर्ड गोल्डबर्ग यांनी मांडली ती याच तत्त्वावर, आणि नदीत ते काम गोड्या पाण्यातले शिंपले आणि गोगलगायी करू शकतात.

विद्यार्थ्यांसाठी मला सर्वांत योग्य वाटतात ते दगडांखालचे किडे. नदीतला वाटीएवढा दगड उचलून उलटा केला की त्याच्या ओलसर बाजूला चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या मेफ्लाय या पाण्याकाठच्या नाजूक कीटकाच्या अळ्या सरसर सरकताना दिसतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना त्यांचे पिसांसारखे कल्ले हलत असतात. पाणी खारट किंवा गढूळ झाले की त्या लवकर नाहीशा होतात आणि कायरोनोमिड या डासासारख्या माश्यांच्या लाल रंगाच्या अळ्या उरतात. झऱ्याच्या वर आणि खाली, सारख्याच प्रवाहात, सारखाच वेळ दगड तपासून मोजणी करायची आणि प्राणी परत पाण्यात सोडायचे. याला प्रयोगशाळा लागत नाही.

एक इशारा. तानसा आणि तुंगारेश्वर ही दोन्ही अभयारण्ये त्या भागाला लागून आहेत. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय लायकेनची कपचीसुद्धा उचलू नये. पक्ष्यांच्या पिसांत पारा साठतो हे खरे असले, तरी त्यासाठीही आधी परवानगीच घ्यावी. कुंडे ही देवस्थानाची आहेत, तिथे स्नानाला येणाऱ्यांना आणि पुजाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे आधी नीट सांगावे. विश्वास नसेल तर पुढच्या वर्षी कोणी पाय ठेवू देणार नाही.

मापक, बेलापूर

पर्णरेखा यांचे उत्तर वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला आहे. प्रकल्पाआधीची नोंद हा मुद्दा यंत्रांनाही तितकाच लागू आहे आणि आम्ही तो नेहमी विसरतो.

ताई, सुरुवात करणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पावसाळ्यात साठलेले क्षार धुऊन जातात आणि उन्हाळ्यात सजीव पाण्यावाचून त्रासलेले असतात, म्हणून दरवर्षी डिसेंबर किंवा जानेवारी असा एकच महिना ठरवा आणि तो बदलू नका. पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली की बुरशी धरतात. कागदी पाकिटात सावलीत वाळवा. बोरॉनची तपासणी होणार असेल तर काचेची बाटली अजिबात वापरू नका, कारण प्रयोगशाळेची नेहमीची काच बोरोसिलिकेटची असते आणि तिच्यातले बोरॉन पाण्यात उतरू शकते. पाण्यासाठी पॉलिथिनची बाटली घ्या. प्रत्येक पाकिटावर झाडाची जात, खोडाची दिशा, अक्षांश-रेखांश, तारीख आणि मागच्या आठवड्यातला पाऊस हे सर्व पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. आणि अर्धा नमुना नेहमी मागे ठेवा. आज तपासणीला पैसे नसले, तरी नीट वाळवून हवाबंद ठेवलेल्या पाकिटातील आर्सेनिक आणि बोरॉन दहा वर्षांनीही मोजता येते. पारा मात्र उडून जाऊ शकतो, त्यासाठीचे पाकीट वेगळे काढून शक्यतो शीतकपाटात ठेवावे.

जीवशास्त्र_शिक्षिका, ठाणे

शीतकपाट महाविद्यालयात आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटरही आहे. वन विभागाला आणि देवस्थानाला द्यायच्या पत्रांचा मसुदा मी या आठवड्यात करते. जाळीच्या चौकोनांत दिसणाऱ्या लायकेनच्या जाती ओळखण्यासाठी पर्णरेखा यांनी एकदा प्रत्यक्ष येऊन मुलांना शिकवावे, अशी विनंती आहे; पहिल्या वर्षी जाती ओळखता आल्या नाहीत, तर निदान कवचासारखे चिकटलेले, पानासारखे आणि फांद्यांसारखे असे तीन प्रकार वेगळे मोजू, आणि प्रत्येक चौकोनाचे छायाचित्र जपून ठेवू.

पर्णरेखा, वाशी

अवश्य येईन. छायाचित्रात प्रत्येक वेळी मोजपट्टी आणि पांढरा कागद ठेवा, म्हणजे आकार आणि रंग दोन्हींची पुढे तुलना करता येईल. फांद्यांसारखे लायकेन हवेच्या बिघाडाला साधारणपणे सर्वांत आधी बळी पडते, म्हणून ते कुठे दिसले तर ते झाड नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवा.